प्रमाणपत्र हाती, कळफलक परका

अकरावीचा प्रवेश संकेतस्थळावर, अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा संगणकावर, तलाठीपदाची परीक्षाही संगणकावर आणि महिलांना मिळणाऱ्या अनुदानाची पडताळणी मोबाइलवर. गेल्या काही वर्षांत राज्यातील गरीब घरांतील मुलींसाठी असलेल्या जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक सोयीची वाट संगणकाच्या पडद्यातून जाऊ लागली आहे. ती वाट कुणाचे बोट न धरता चालू शकणाऱ्या मुली मात्र थोड्या आहेत. संगणक साक्षरतेचे कार्यक्रम पाव शतक चालू असताना असे का व्हावे, याचा शोध अभ्यासक्रमाच्या पुस्तकात घेऊन उपयोग नाही. एका मुलीच्या वाट्याला यंत्रापुढचे किती तास आले, हे मोजावे लागेल.

अगदी अलीकडचे उदाहरण ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे. राज्य शासनाने जून २०२४ च्या अखेरीस ही योजना जाहीर केली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलांना दरमहा दीड हजार रुपये देण्याची ही तरतूद. अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या ॲपवर आणि पुढे संकेतस्थळावर भरावयाचे होते. दोन कोटींहून अधिक महिलांपर्यंत हे पैसे पोहोचले, हे खरे. पण त्यांतील किती अर्ज त्या महिलांनी स्वतः भरले? गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत हे काम केले ते अंगणवाडी सेविकांनी, सेतू केंद्रांनी, कार्यकर्त्यांनी आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी. सेविकांना प्रत्येक अर्जामागे पन्नास रुपये देण्याचा निर्णय शासनाने घेतला. लाभार्थी महिला अर्ज भरू शकणार नाही, हे गृहीतच धरले गेले होते, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीचे झाले तेव्हा अडचणीचे खरे स्वरूप दिसले. महिलेचा आधार क्रमांक, पाठोपाठ पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि दोन्ही वेळा मोबाइलवर येणारा ओटीपी, अशी ती पद्धत. संकेतस्थळ अडखळत होते, ही तक्रार सर्वांचीच होती. पण ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांनी काय करायचे? ज्यांच्या आधारला जोडलेला क्रमांक कधीच बंद पडलेला आहे किंवा जो फोन मुलाच्या खिशात तालुक्याला गेलेला आहे, त्यांनी कोणाकडे पाहायचे? मुदत वाढवून ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली. मुदतवाढीने दिवस वाढतात. फोन कोणाच्या हातात आहे, हे त्याने बदलत नाही.

आकड्यांतील दरी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एक साधा प्रश्न विचारला गेला होता : तुम्ही आयुष्यात कधी इंटरनेट वापरले आहे काय? महाराष्ट्रात ‘होय’ म्हणणाऱ्या महिला ३८ टक्के होत्या आणि पुरुष ६१.५ टक्के. देशाची सरासरी महिलांसाठी ३३.३ टक्के, म्हणजे देशाची आर्थिक राजधानी पोटात असलेले आपले राज्य सरासरीच्या किंचितच पुढे. शेजारच्या गोव्यात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते, केरळात ६१ टक्के. महाराष्ट्रातील पाहणी करोनापूर्वीची आहे आणि त्यानंतर स्वस्त डेटाने बरेच काही बदलले, हे मान्य केले पाहिजे. परंतु बदलले ते काय, हे ‘प्रथम’च्या ‘असर’ अहवालांवरून कळते.

२०२३ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगट पाहिला गेला. दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत स्मार्टफोन होता आणि बहुसंख्य मुलामुलींना तो वापरताही येत होता. मात्र, वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुले ४३.७ टक्के होती, तर मुली १९.८ टक्के. घरात संगणक किंवा लॅपटॉप असलेली मुले-मुली होती अवघी नऊ टक्के. ज्यांच्या घरी तो होता त्यांतील सुमारे ८५ टक्क्यांना तो चालवता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम एकतृतीयांश होते. संगणक शिक्षणाविषयीच्या सगळ्या चर्चेत हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका मानावा लागेल. संगणक येतो तो हाताशी असल्याने. वर्गात दाखवलेला संगणक घरी गेल्यावर उरत नाही.

स्मार्टफोन आला म्हणजे संगणक आला, असा समज शहरी वाचकांत आणि मंत्रालयातही आढळतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. फोनवर व्हिडीओ पाहता येतो, पैसे पाठवता येतात, बोलून शोधता येते. तीस ओळींचा अर्ज टाइप करणे, तक्त्यात बेरजा मांडणे, फाइल योग्य ठिकाणी जतन करून उद्या तीच पुन्हा उघडणे, कागदपत्रे ठरावीक आकारात आणून संकेतस्थळावर चढवणे, ही कामे फोनवर होत नाहीत असे नाही. पण कार्यालयात पगार मिळतो तो ती संगणकावर झपाट्याने करण्याचा. फोन हातात असलेली मुलगी एमएचटी-सीईटीच्या केंद्रावर बसते तेव्हा तिच्यापुढे माऊस असतो. २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शुल्कमाफी प्रवेश मिळाल्यानंतर लागू होते आणि प्रवेशाच्या परीक्षेत घड्याळ सर्वांसाठी एकाच वेगाने चालते. घरच्या लॅपटॉपवर वर्षभर सराव चाचण्या दिलेली मुलगी आणि माऊस पहिल्यांदाच धरणारी मुलगी यांच्यात त्या घड्याळाने भेद केला नाही, तरी भेद होतोच.

टंकलेखनाच्या वर्गाने काय दिले होते?

गरीब आणि निम्न मध्यमवर्गीय मुलींना यंत्र शिकवण्याचा महाराष्ट्राचा पहिला मोठा प्रयोग संगणकाचा नव्हे, टंकलेखनाचा. गिरगाव, दादर, पुण्याच्या पेठा, सांगली, नागपूर, कोणत्याही शहरात जिन्याखालच्या किंवा माडीवरच्या खोलीत दहा-पंधरा यंत्रे मांडलेली असत आणि दहावी-अकरावी झालेल्या मुली तासाच्या बोलीवर येऊन बसत. या वर्गांना कोणी सक्षमीकरणाचे नाव दिले नव्हते. शासनाचे अनुदान, उद्घाटनाच्या फिती, छायाचित्रे यांतले काहीच नव्हते. तरीही त्यातून बाहेर पडलेल्या मुलींनी मुंबईतील कचेऱ्या, बँका, न्यायालये आणि वकिलांची दालने भरली.

त्या वर्गाची रचना नीट पाहिली तर आजच्या कार्यक्रमांत काय हरवले आहे ते दिसते. एका मुलीपुढे एक यंत्र असे. दोघींत एक कधीच नाही, कारण टंकलेखन दोघींना मिळून करता येत नाही. वेळ ठरलेली असे, त्यामुळे घरातून निघण्याला कारण असे आणि परतण्याची वेळ घरच्यांना ठाऊक असे. वर्ग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असे. प्रगती मोजता येई : मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. मुलीलाही ती कळे आणि तिच्या वडिलांनाही. सरकारी वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेत उत्तीर्ण होताच दारात उभी असलेली नोकरी कोणती, हे आधीपासून माहीत असे. कंटाळवाणा सराव हाच त्या शिक्षणाचा गाभा होता. तीच ओळ शंभरदा.

पुढे ‘गोदरेज’ने टंकलेखन यंत्रांची निर्मिती थांबवली आणि राज्य परीक्षा परिषदेनेही जुन्या यंत्रांवरील परीक्षा बंद करून संगणक टंकलेखनाची परीक्षा सुरू केली. यंत्र बदलणे अटळच होते. परंतु बदलत्या यंत्राबरोबर ती रचनाही मोडली गेली, याची फारशी नोंद कोणी घेतली नाही.

एमएस-सीआयटी : यश आणि मर्यादा

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ (एमकेसीएल) स्थापन झाले आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला. त्याची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. इंग्रजीच्या भीतीने संगणकापासून दूर राहणाऱ्या लक्षावधी लोकांना त्याने मराठीतून संगणक शिकवला. तालुक्याच्या गावीच नव्हे, मोठ्या बाजारगावांतही केंद्रे उघडली. मुलीला एसटीने जिल्ह्याला पाठवावे लागत नसल्याने अनेक घरांनी तिला या वर्गाला धाडले. महाराष्ट्राच्या कुठल्याही लहान गावात जाऊन विचारले तर ‘एमएस-सीआयटी झालंय’ असे सांगणारी तरुणी भेटते. संगणक साक्षरतेचा एवढा पसारा त्या काळात फार थोड्या राज्यांत उभा राहिला.

मर्यादा आली ती सक्तीतून. शासकीय कर्मचाऱ्यांना आणि अनेक पदांच्या उमेदवारांना हे प्रमाणपत्र आवश्यक झाले. मुदतीत ते न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्यापर्यंत प्रकरण गेले. परिणामी, अभ्यासक्रमाचे गुरुत्वमध्य शिकण्याकडून कागदाकडे सरकले. वयस्क शिक्षकाने वेतनवाढीसाठी ते घेतले यात त्याचा दोष नाही. पण सतरा वर्षांची मुलगी ‘पुढेमागे लागेल’ म्हणून तेच करते, तीन महिने संपतात, परीक्षा होते, चकचकीत प्रमाणपत्र घरी येते आणि त्यानंतर दोन वर्षे तिच्या बोटांना कळफलक लागत नाही. वापर नसलेली कला विसरली जाते; पोहणे आणि सायकल हे त्याला अपवाद असतील, एक्सेल नाही. शिवाय शुल्काची रक्कम काही हजारांची आहे. घरात एकाच मुलासाठी ती निघू शकत असेल तर ती कोणासाठी निघते, हे वेगळे सांगायला नको.

केंद्र सरकारच्या ‘प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियाना’ने शुल्काचा प्रश्न सोडवला. २०१७ ते मार्च २०२४ या काळात सहा कोटींच्या उद्दिष्टापुढे ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद झाली. घरटी एक व्यक्ती, हा निकष. अभ्यासक्रम होता वीस तासांचा. प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांची संख्या पावणेपाच कोटींच्या आसपास राहिली. वीस तासांत फोन आणि संगणक यांची ओळख होते, ई-मेल पाठवून पाहता येतो, एखादे देयक भरता येते. टंकलेखनाच्या वर्गातील मुलगी एवढे तास पहिल्या महिन्यातच घालवत असे आणि त्या वेळी तिची बोटे अजून मधल्या ओळीवरच अडखळत असत.

शाळांचे काय? १९८४ मध्ये केंद्राने ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत संगणक नेले, २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ योजना आली. महाराष्ट्रात खासगी कंपन्यांकडून ‘बांधा, चालवा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने टप्प्याटप्प्याने हजारो शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. पाच वर्षांचा करार संपला की कंत्राटी निदेशक घरी जात आणि कक्षाला कुलूप लागत असे. त्या निदेशकांनी आझाद मैदानावर आंदोलने केली. कुलपे मात्र फारशी उघडली नाहीत. ‘युडायस प्लस’च्या २०२३-२४ च्या नोंदींनुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आहे आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. संगणक आहे म्हणजे तो चालू आहे आणि चालू आहे म्हणजे त्याच्यापुढे मुलगी बसते, या दोन पायऱ्या या टक्केवारीत धरलेल्या नाहीत. चाळीस विद्यार्थ्यांना दहा यंत्रे असली की प्रत्येक यंत्राभोवती चौघांचे कोंडाळे होते. त्यांत माऊस कोणाच्या हातात असतो आणि वहीत टिपण कोण घेते, हे सहशिक्षणाच्या कोणत्याही शाळेत जाऊन पाहावे.

धारावीतील पाण्याची रांग

यंत्राच्या तासांबरोबर आणखी एक गोष्ट लागते : जे करायचे ते आपल्या कामाचे असणे. धारावीतील नयानगर भागात चित्रपटकार नवनीत रंजन यांनी २०१४ मध्ये ‘धारावी डायरी’ हा उपक्रम सुरू केला. वस्तीतील शाळकरी मुलींना तेथे एमआयटीच्या ‘ॲप इन्व्हेंटर’ या साधनावर मोबाइलचे ॲप बनवायला शिकवले गेले. हे साधन म्हणजे रंगीत ठोकळे जोडून आज्ञावली तयार करण्याची पद्धत. त्यामुळे इंग्रजी वाक्यरचना न येणाऱ्या मुलीलाही तर्क मांडता येतो. मुलींनी निवडलेले विषय त्यांच्या रोजच्या जगण्यातले होते. एक ॲप संकटातील महिलेला इशारा देण्यासाठी आणि ठावठिकाणा कळवण्यासाठी होते, ‘वूमन फाइट बॅक’ नावाचे. दुसरे सार्वजनिक नळावरच्या पाण्यासाठी. रांगेतला नंबर ॲपवर लावायचा आणि आपली पाळी आली की फोनवर सूचना मिळायची.

देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी या मुलींचे कौतुक केले. त्यातले बरेचसे ‘झोपडपट्टीतील प्रोग्रामर’ या चमत्काराच्या सुरातले होते. ॲप तयार झाल्याने धारावीत पाणी वाढले नाही आणि रांगही संपली नाही, हे उघड आहे. या उपक्रमाची किंमत तिथे नाही. पाणी भरण्यात जाणारा मुलीचा वेळ हा मोजता येण्याजोगा प्रश्न आहे, त्याचे टप्पे पाडता येतात आणि ते टप्पे यंत्राला सांगता येतात, ही जाणीव तिला झाली. पॉवरपॉइंटमध्ये ‘माझी आई’ या विषयावर पाच स्लाइड करायला लावणाऱ्या अभ्यासक्रमातून ती होत नाही.

अंतराचा मुद्दा कोलकात्याच्या मटियाबुर्जमध्ये स्पष्ट झाला. शिवणकाम आणि भरतकामाच्या या मुस्लिमबहुल वस्तीत ‘आयमेरिट’ या कंपनीने केंद्र उघडले. राधा बसू यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे काम म्हणजे छायाचित्रांतील वस्तू, रस्ते, माणसे यांवर खुणा करून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी माहिती तयार करणे. कामाला मुख्यतः वस्तीतल्याच तरुणी. त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या आयटी पार्कात पाठवायला घरचे तयार झाले असते काय, याची शंकाच आहे. कचेरी वस्तीत आली म्हणून त्या कचेरीत गेल्या. धारावी, मालेगाव, भिवंडी, सोलापूरच्या विणकर वस्त्या यांना हे उदाहरण सहज लागू पडते. आपल्याकडे ‘आयटी’ म्हटले की हिंजवडी आणि ऐरोली डोळ्यांपुढे येतात.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘नवगुरुकुल’सारखी संस्था आहे. ती मुलींना घरापासून दूर, निवासी व्यवस्थेत ठेवून, शुल्क न घेता प्रोग्रामिंग आणि इंग्रजी शिकवते. येथे दिवसाचे सगळे तास यंत्राला मिळतात; पाणी, स्वयंपाक, धाकट्या भावंडांची शाळा यांत ते विभागले जात नाहीत. मार्ग परिणामकारक आहे, पण वसतिगृहात जाऊ दिली जाणारी मुलगी मुळातच अर्धी लढाई जिंकून आलेली असते. लाखोंच्या संख्येतील मुलींसाठी मटियाबुर्जचा, म्हणजे चालत जाण्याच्या अंतराचा मार्गच उपयोगी.

भीतीचा प्रश्न

मुलीच्या हाती फोन किंवा इंटरनेट देण्यास घरची मंडळी कचरतात, त्याला मागासलेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने २०१६ मध्ये अविवाहित मुलींच्या मोबाइल वापरावर बंदी घातली तेव्हा देशभर टीका झाली. ती योग्यच होती. पण ज्या भीतीतून असे फतवे निघतात ती भीती महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत न बोलता वावरत असते. छायाचित्राची छेडछाड, अनोळखी खात्यावरून येणाऱ्या धमक्या, कर्ज देणाऱ्या ॲपचे फास हे सगळे खरे आहे. आणि असे काही घडले की घराचा पहिला उपाय ठरलेला असतो : फोन काढून घेणे. म्हणून मुलगी तक्रारच करत नाही.

बहुतेक अभ्यासक्रमांत सायबर सुरक्षितता हा शेवटचा धडा असतो आणि वेळ संपल्याने तो घाईत उरकला जातो. गरीब घरातील मुलीसाठी तो पहिला धडा असायला हवा. एकट्या मुलीला नव्हे, एखाद्या रविवारी तिच्या आईलाही सोबत बसवून शिकवण्याचा. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही या यादीत भाऊ आणि होणारा नवराही येतो, हे सांगण्याचे धैर्य पाठ्यपुस्तकांत क्वचितच असते. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक पाठ असलेली आई घरात असेल, तर फोन काढून घेण्याऐवजी तक्रार नोंदवण्याचा विचार तरी होईल.

शिकवूनही साधन निकृष्ट असेल तर काय होते, याचा धडा अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये दिला. शासनाने दिलेले मोबाइल तापतात, बंद पडतात, त्यांत ‘पोषण ट्रॅकर’ चालत नाही आणि ते ॲपही इंग्रजीत, अशी तक्रार करत राज्यभरातील सेविकांनी हजारो फोन परत केले. या बायका अडाणी नव्हत्या. त्यांना शिकायचे नव्हते असेही नाही. त्यांनी नेमके कामाचे यंत्र मागितले होते.

नोकरी कुठे आहे?

शिकून पुढे काय, हा प्रश्न मुलीच्या बापाचा असतो आणि तो रास्त असतो. डेटा एंट्रीच्या ज्या कामांच्या भरवशावर गेल्या वीस वर्षांत असंख्य संगणक वर्ग चालले, ती कामे आटत चालली आहेत. कागद वाचून तक्ता भरण्याचे काम यंत्रच करू लागले आहे. छायाचित्रांवर खुणा करण्याच्या मटियाबुर्जमधील कामालाही हाच धोका आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवणाऱ्या तरुणींच्या कामावर ती उद्या गदा आणू शकते.

तरीही, एक जागा मराठी मुलीसाठी राखीव असल्यासारखी आहे आणि तिच्याकडे कमालीचे दुर्लक्ष झाले आहे. ती म्हणजे मराठीतील टंकलेखन आणि मजकुराचे काम. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदाला आजही मराठी टंकलेखनाची मिनिटाला तीस शब्द किंवा इंग्रजीची चाळीस शब्द ही अर्हता लागते. ग्रामपंचायती, न्यायालये, नोंदणी कार्यालये, सहकारी बँका, वकिलांच्या कचेऱ्या, मुद्रणालये यांना युनिकोडमध्ये बिनचूक मराठी लिहिणारी माणसे हवी असतात आणि मिळत नाहीत. बहुतेक अल्पमुदतीच्या वर्गांत कळफलक इंग्रजी असतो आणि मराठीसाठी रोमन अक्षरे बडवून शब्द उमटवण्याची सवय लावली जाते. फोनवर ते चालते. इन्स्क्रिप्टवर बोटे बसलेली मुलगी मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक मजकूर, कमी चुकांसह उतरवते. शिवाय शुद्धलेखन तपासणे, यंत्राने लिहिलेले मराठी सुधारणे, यंत्राला मराठी ऐकायला शिकवणे, अशी नवी कामेही याच बोटांकडे येऊ लागली आहेत. ज्या मुलीचे इंग्रजी कच्चे म्हणून तिला मागे सारले जाते, तिचे मराठी अनेकदा शहरी मुलीपेक्षा पक्के असते. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी तिच्या या भांडवलाकडे पाहिलेले दिसत नाही.

केरळने २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले आणि त्यात मुक्त सॉफ्टवेअर, मल्याळम भाषा आणि शाळेच्याच शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर भर दिला. कंत्राटी निदेशकावर विसंबण्याऐवजी गणिताच्या किंवा भाषेच्या शिक्षिकेनेच संगणक शिकवायचा. पुढे दहावीच्या परीक्षेत माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा आली आणि यंत्र गंजू देणे शाळेला परवडेनासे झाले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतील विद्यार्थीच कक्ष सांभाळण्यास मदत करतात. करार संपला म्हणून कुलूप लागण्याचा प्रश्न तेथे उद्भवला नाही, कारण कुलपाची किल्ली शाळेकडेच होती.

महाराष्ट्राला यासाठी नवी इमारत किंवा नवे महामंडळ लागणार नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांतील चालू स्थितीतील संगणक कक्ष सायंकाळी पाच ते आठ उघडे ठेवणे, तेथे वस्तीतीलच एखाद्या प्रशिक्षित महिलेला मानधनावर बसवणे, एका मुलीला एक यंत्र आणि आठवड्याला ठरलेले तास देणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. वीजबिल कोण भरणार, रखवालदार कोण असेल, संगणक बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न शिक्षणाधिकारी लगेच विचारतील आणि ते खोटे नाहीत. पण ते काही हजार रुपयांचे प्रश्न आहेत. एका संकेतस्थळाच्या उभारणीवर खर्च होणाऱ्या रकमेपुढे ही रक्कम किरकोळच.

२०२५ मध्ये अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाला. २१ मे रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि प्रक्रिया २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. घरी संगणक असलेल्यांनी त्या पाच दिवसांत पुनःपुन्हा प्रयत्न करून पाहिले. बाकीच्या मुलींनी सायबर कॅफेत पुन्हा पैसे मोजले. दहावी झालेल्या त्या मुलींच्या स्वतःच्या शाळांतील संगणक कक्ष त्या वेळी उन्हाळी सुटीसाठी बंद होते.